निवतीपुढचे जळके खडक

अमळनेरच्या माणसाला अभयारण्य म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. शिरपूरकडे अनेर धरणाचं आहे, सातपुड्याच्या अंगाला यावलचं आहे. रस्त्याच्या कडेला वनखात्याची हिरवी पाटी, पाटीवर उन्हाने विटलेला बिबट्या, पुढे नाका आणि नाक्यावर आडवा बांबू. बांबू वर झाला की आपण अभयारण्यात, खाली आला की गावात. त्यामुळे मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर जाळं निवडत बसलेल्या एका काकांना मी सरळ विचारलं, "सागरी अभयारण्य कुठून सुरू होतं?" त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. पँट दुमडून मी पोटरीभर पाण्यात उभा होतो. "तेच्यातच उभे आसात तुमी," ते म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

खरं तर मालवणात थांबायचा आमचा बेतच नव्हता. सातशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकत आलो होतो ते निवतीसमोरच्या समुद्रातल्या खडकांसाठी. नकाशावर त्यांचं नाव वेंगुर्ला रॉक्स. बंदर नाही, वस्ती नाही, आणि तरी पश्चिम किनाऱ्यावरच्या पक्ष्यांविषयी वाचायला बसलं की हे नाव हटकून समोर येतं. सोबत माझे मेव्हणे होते. बोरीकाठी त्यांची कपाशी असते आणि सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. नानांनी साठ वर्षांत समुद्र एकदाच पाहिला होता, तोही सुरतेजवळ डुमसला, जिथे आमची तापी समुद्राला मिळते. तिथला समुद्र म्हणजे पुराचंच पाणी, फक्त पलीकडचा काठ नसलेलं. मालवणच्या किनाऱ्यावर नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आठलं पानी ते निळं शे रे भाऊ!"

निवतीच्या तांडेलाने, म्हणजे होडीवाल्याने, मात्र फोनवरच आमच्या बेतावर पाणी फिरवलं होतं. वायव्येचा वारा लागलाय, दोन दिवस होडी काढणार नाही. पैसे वाढवून देतो म्हटल्यावर त्याने शांतपणे सांगितलं की वाऱ्याला पैसे कळत नाहीत. आमच्याकडे वारा म्हणजे उफणणीच्या कामाचा, फार तर केळीची पानं फाडणारा. वारा माणसाचा प्रवास ठरवतो, हे आम्हा दोघांनाही नवीन होतं. तर असे सक्तीने मोकळे झालेले दोन दिवस आम्ही मालवणात काढले, आणि आता वाटतं की ते बरंच झालं.

मालवणचं सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झालं. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. त्यातला गाभा सव्वातीन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तो सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याच्या शेजारच्या पद्मगड बेटाभोवतीचा. महाराष्ट्रात समुद्रासाठी असं अभयारण्य हे एकच. इथे पाण्याखाली प्रवाळ आहेत, खडकांना बिलगलेली समुद्रशेवाळं आहेत, त्यांच्या आश्रयाने वाढणारी माशांची पिल्लं आहेत. आमच्या यावलच्या अभयारण्यात माणूस जंगलाबाहेरून आत शिरतो. मालवणात अभयारण्य आलं तेव्हा माणूस आधीच पिढ्यान्‌पिढ्या आत होता, रापणीची जाळी ओढत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून होडीने जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन्ही टोकांना पन्नास-साठ माणसांनी लागून ते वाळूवर ओढून आणायचं. मासळीची वाटणी ठरलेली. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. ज्या पाण्यात हे चालतं त्याच पाण्याला एक दिवस अभयारण्य म्हटलं गेलं. मच्छीमारांचा विरोध पहिल्या दिवसापासून झाला, आणि आज इतक्या वर्षांनीही तो विषय काढला की माणसं आवाज चढवून बोलतात.

दांडीवर दोघाचौघांशी बोललो. त्यांचं म्हणणं साधारण एकच: समुद्र ओरबाडतात ते मोठी पर्ससीन जाळी लावणारे आणि रात्री प्रखर दिवे टाकून मासळी गोळा करणारे, नियम मात्र आमच्या छोट्या होड्यांना सांगितले जातात. त्यात तक्रारीचा भाग किती आणि खरेपणाचा किती हे दोन दिवसांच्या पाहुण्याने ठरवू नये. पण एक दिसलं. जाळं निवडणारे ते काका पद्मगडाच्या बाजूचा प्रत्येक खडक नावाने ओळखत होते, आणि आम्हाला तिथे अभयारण्याची एकही खूण सापडली नव्हती.

दांडीला 'मोरयाचा धोंडा' आहे. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा केली ती इथे. समोर कुरटे बेट, तिथे सिंधुदुर्ग उभा राहिला; आणि अलीकडे पद्मगड, जिथे गलबतं बांधली जात, डागडुजीला येत. सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबं राहतात, देवळात पूजा होते, पर्यटकांच्या होड्यांची रीघ असते. पद्मगडावर कोणी राहत नाही. आम्ही सुकती साधून तिकडे निघालो. सुकती म्हणजे ओहोटी. पाणी मागे हटलं की किनाऱ्यापासून पद्मगडाकडे वाळूचा पट्टा वर येतो आणि ज्या जागी सकाळी होडी होती तिथून माणूस चालत जातो. नाना दर दहा पावलांवर मागे वळून पाहत होते, पाणी परत येत नाही ना म्हणून.

पट्ट्याच्या कडेच्या खडकांवर दोन बायका उकिडव्या बसून कालवं काढत होत्या. हातात आखूड कोयती, शेजारी ॲल्युमिनियमचं भांडं. खडकाला चिकटलेला ओबडधोबड शिंपला. अनोळखी माणसाला तो दगडच वाटेल. कोयतीचं टोक त्याच्या फटीत घालून एक हिसका, वरचं झाकण उडालं की आत राखाडी, ओलसर, अंगठ्याएवढं कालव. ते बोटाने खरवडून भांड्यात. खालचं कवच खडकालाच राहतं. म्हणून इथले खडक पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले. तो प्रत्येक ठिपका म्हणजे कोणाच्या तरी घरचं कालवण. दोन तास काम केल्यावर भांड्याचा तळ जेमतेम झाकला होता. मला कापूस वेचणाऱ्या बायका आठवल्या. वजनात न भरणारी, कंबर मोडणारी तीच मेहनत. नानांनी विचारलं, "ताई, रोज इतकंच निघतं?" त्यातली थोरली हसली. "रोज खयची सुकती गावता?" म्हणाली. ओहोटी रोज दोनदा येते खरी, पण खोल उतरणारी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. म्हणजे इथे कामाचा दिवस चंद्र ठरवतो.

खडकांतल्या डबक्यांत आम्ही तासभर रमलो. हिरवट फुलासारखे दिसणारे, बोट लावताच मिटणारे जीव, शिंपल्याचं घर पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, काळे काटेरी गोळे. पद्मगडाच्या तटावर झुडपं माजली आहेत. भरतीची वेळ जवळ आल्यावर नानांनी मला अक्षरशः दंडाला धरून परत आणलं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. मालवणहून निवती सरळ समुद्रातून जवळ आहे. रस्त्याने मात्र कर्ली नदीच्या खाडीला वळसा घालून परुळ्यावरून जावं लागतं. वाटेत काजूला मोहोर होता. जमीन तांबडी, घरं तांबड्या जांभ्याच्या चिऱ्यांची. आमचा खानदेश सगळा काळ्या बेसॉल्टचा. धुळे-नंदुरबारकडे तर त्या काळ्या दगडाच्या भिंतीच्या भिंती, डाइक म्हणतात त्यांना, शेतांमधून मैलोन्‌मैल गेलेल्या दिसतात. महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा अशी आमची समजूत. पण तो लाव्हाचा थर सिंधुदुर्गात येता येता संपतो आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. पावसाचंही तसंच. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटर झाला तर आम्ही देवाचे आभार मानतो. इथे तीन हजारांच्या खाली आला तर बातमी होते.

निवतीहून पहाटे अंधारातच निघालो. फायबरची होडी, मागे इंजिन, तांडेल आणि त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा पुतण्या. अंधारात निघायचं कारण तांडेलाने सांगितलं: पाखरं उजाडताना बाहेर पडतात, ती पाहायची तर आधी पोचायला हवं, आणि दुपारी वारा परत उठेल, त्याच्या आत घरी यायला हवं. किल्ले निवतीचं टेकाड मागे पडलं तसा समोर दीपगृहाचा झोत दिसू लागला. तो फिरत नव्हता, लुकलुकत होता. नानांनी होडीची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि ओठ हलत होते. विष्णुसहस्रनाम असणार. माझी अवस्था काही वेगळी नव्हती. पाऊण तासाने पोटात ढवळून आलं आणि काल रात्रीची सोलकढी समुद्राला अर्पण झाली. पुतण्याने न मागता आल्याचा तुकडा पुढे केला.

उजाडता उजाडता खडक वर आले. लहानमोठे मिळून वीसेक असतील. काही नुसते पाण्याच्या वर डोकं काढलेले, भरतीला दिसेनासे होणारे, आणि मोजके मात्र चांगले उंच, कडे तुटलेले. मोठ्या खडकावर दीपगृह. अंग सगळं करपल्यासारखं, मधूनमधून पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ. पोर्तुगीज दर्यावर्दी यांना 'जळकी बेटं' म्हणत. इंग्रजांनी त्याचंच भाषांतर करून 'बर्न्ट आयलंड्स' केलं. सकाळच्या त्या उजेडात ते नाव कुठून आलं हे विचारावं लागलं नाही.

हे खडक माणसाला ठाऊक आहेत ते फार जुन्या काळापासून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं एकामागून एक येतात. त्यात कोकणाच्या दक्षिणेला 'सेसेक्रिएनाई' नावाच्या बेटांचा उल्लेख आहे, आणि ती बेटं म्हणजेच वेंगुर्ल्याचे खडक असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्या पुस्तकात याच किनाऱ्यावर चाच्यांचाही इशारा आहे. पुढे सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. वखारीची पडकी इमारत अजून आहे. एवढ्या साऱ्या जहाजांच्या वाटेत हे खडक दात विचकून बसलेले, म्हणून इंग्रजांनी इथे दिवा लावला. दीपगृहाच्या कामापुरती माणसं अजूनही येतात-जातात. परवानगीशिवाय उतरता येत नाही. आमच्याकडे ती नव्हती आणि तांडेलानेही विषय काढला नाही. तसंही, लाट खडकावर चढून फेसाळत उतरत होती ते पाहिल्यावर उतरण्याची हौस आपोआप फिटली.

नानांनी मोठ्याने विचारलं, "आठे कोन राहस?"

अहिराणी तांडेलाला कळली कशी कोण जाणे. "कोणूच नाय," तो म्हणाला, "पाखरा रवतत."

एका खडकाच्या अंगाला पाण्यापासून वर गेलेली काळी फट होती. तांडेलाने तिच्यासमोर बेताच्या अंतरावर इंजिन बंद केलं आणि पुतण्याने वल्ह्याने होडी तोलून धरली. आधी काहीच नाही. मग फटीतून एक ठिपका सुटला, मग पाच, मग एकदम धूर सुटावा तसे शेकडो. चिमणीहून लहान, काळपट तपकिरी, कोयत्यासारखे वाकडे पंख. बाहेर येताच डाव्या हाताला झुकायचे आणि किनाऱ्याकडे निघायचे. त्याच वेळी काही परतही येत होते; तेवढ्याच वेगाने अंधारात शिरत होते, एकमेकांना न धडकता. पंखांची फडफड ऐकू येईल असं वाटलं होतं, ती नाही आली. आला तो वेगळाच आवाज, फटीच्या आतून: कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तशी बारीक, कोरडी करकर.

ही भारतीय पाकोळी. वटवाघळासारखा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढणारे पक्षी जगात फार थोडे आहेत. पाकोळ्यांची ही जात त्यातली एक. फरक एवढाच की वटवाघळाचा आवाज बहुतेक आपल्याला ऐकू येत नाही, हिचा येतो. पाय इतके दुबळे की फांदीवर किंवा जमिनीवर बसता येत नाही. उभ्या भिंतीला नखांनी लोंबकळायचं, नाहीतर उडत राहायचं. दिवसभर त्या किनाऱ्यावरच्या माडांवरून, खाडीवरून हवेतले किडे टिपतात आणि पुन्हा या खडकात येतात. म्हणजे राहायला बेट आणि जेवायला कोकण. बेट कितीही राखलं आणि किनाऱ्यावर औषधं मारून किडे संपवले तर काय, हा प्रश्न कपाशीवर दरसाल फवारणी करणाऱ्या नानांना आधी सुचला, मला नाही.

या पाखराचं दुर्दैव त्याच्या घरट्यात आहे. गवत-काड्या आणायला पाय धजत नाहीत, म्हणून पाकोळी स्वतःच्या लाळेने घरटं बांधते. विणीच्या दिवसांत लाळेच्या ग्रंथी फुगतात; भिंतीला डोकं घासत ती लाळेचा धागा लावते, वाळला की वर दुसरा. मधे थोडं शेवाळ, पिसं. काही आठवड्यांनी भिंतीला चिकटलेली अर्धी वाटी तयार होते, दोन अंडी मावतील एवढी. सातपुड्यात धावड्याच्या खोडावर डिंक सुटून वाळतो, तोच रंग, तसाच अर्धपारदर्शक कडकपणा. आणि डिंकासारखाच तो माणसाने खायचा ठरवला. चीनमध्ये या लाळेच्या घरट्यांचं सूप शेकडो वर्षांपासून पौष्टिक मानलं जातं, पाहुण्यांपुढे मानाने ठेवलं जातं. अंदमानातल्या जातीचं घरटं जवळजवळ शुद्ध लाळेचं, पांढरं, म्हणून महाग. आपल्या किनाऱ्यावरच्या पाकोळीचं शेवाळमिश्रित, हलक्या प्रतीचं. पण हलक्या मालालाही गिऱ्हाईक असतंच.

चोर गुहेत बांबूच्या परांच्या बांधतात आणि घरटी भिंतीपासून सुरीने सोडवतात. अंडं असेल तर ते फेकायचं, पिल्लू असेल तर तेही. पाकोळी पुन्हा घरटं बांधायला लागते, पण आता लाळ कमी, वाटी छोटी. तेही नेलं तर त्या वर्षीची वीण गेली. धावड्याला कुऱ्हाडीचे घाव घालून घालून डिंक काढणारे शेवटी झाडच वाळवतात, तसा हा प्रकार. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेच्या भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथली चोरी उघडकीला आणली आणि तिच्यामागे लागले. वेळासच्या कासवांमुळे या संस्थेचं नाव महाराष्ट्राला कळलं, पण पाकोळ्यांसाठी केलेल्या या कामाचा बोलबाला तेवढा झाला नाही. कासवाचं पिल्लू वाळूवरून चालतं, फोटोत छान दिसतं. अंधाऱ्या गुहेत भिंतीला लोंबकळणाऱ्या काळ्या पाखराचा फोटो कोण काढणार?

बाहेरच्या जगाने यावर दोन वेगळे तोडगे काढले. इंडोनेशिया-मलेशियात लोक खिडक्या नसलेल्या सिमेंटच्या उंच इमारती बांधतात, ध्वनिमुद्रित आवाज लावून पाकोळ्यांना आत बोलावतात आणि घरट्यांचं पीक घेतात. हे सांगितल्यावर नाना म्हणाले, "म्हणजे पोल्ट्रीच झाली." अंदमानात कोइमतूरच्या सालिम अली पक्षिविज्ञान केंद्राचे रवी शंकरन यांनी वनखात्याला सोबत घेऊन आणखी धाडसी गोष्ट केली. गुहांमधून घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार नेमलं. पिल्लं उडून जाईपर्यंत पहारा करायचा आणि मग रिकामं घरटं काढायचं, असा विचार. २००९ मध्ये शंकरन अकाली गेले. मला ही दुसरी कल्पना दांडीवरच्या त्या काकांच्या बोलण्याशी जोडावीशी वाटते. ज्याला प्रत्येक खडकाचं नाव ठाऊक आहे त्याला पाटीच्या बाहेर उभं करण्यात शहाणपण नाही.

निवतीचे हे खडक मालवणच्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर येतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्याच्या सोबत इथवर येतो, अंडी-घरटी काढणं म्हणजे शिकारच, असं तो म्हणतो. पण कायदा होडीत बसून गस्त घालत नाही.

चोरीवरून एक गोष्ट आठवली, ती आमच्या मुलखातली म्हणून सांगतो. वनपिंगळा हे छोटं घुबड. १८८४ नंतर ते कोणाला सापडलंच नव्हतं. संपलं असंच धरून चालले होते. त्याचे जे मोजके नमुने संग्रहालयांत होते त्यातला एक खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने जमवलेला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका प्रतिष्ठित लष्करी गृहस्थाने तो लंडनच्या संग्रहालयातून चोरला आणि १९१४ साली आपण गुजरातेत मारला म्हणून त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली. पक्षी शोधणारे त्या खोट्या पत्त्यावर हेलपाटे घालत राहिले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खोटा पत्ता बाजूला ठेवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत बसलेला दाखवला. ११३ वर्षं तो तिथेच होता. घरटं चोरणाऱ्याला निदान पोटाची अडचण असते. चिठ्ठी बदलणाऱ्या माणसाला काय कमी होतं, देव जाणे.

ऊन चढलं तसे आम्ही खडकांना फेरी घातली. कड्याच्या कपारींत पारव्यांचे थवे. पारवे पाहायला सातशे किलोमीटर आलो नव्हतो, पण अमळनेरच्या जिन्यात गुटर्गू करणारा पक्षी मुळात अशाच समुद्रकड्यांवरचा आणि डोंगरकपारींतला; आपल्या इमारती त्याला कडेच वाटतात, हे इथे डोळ्यांना पटलं. दीपगृहाच्या खडकावरून एक समुद्रगरुड उठला. पोट पांढरंशुभ्र, पंख करडे, शेपटी पाचरीसारखी. कोकणात त्याला काकण म्हणतात. तो आमच्यावरून असा गेला की होडीवर त्याची सावली पडली.

कपिलेश्वरला तापी-पांझरेच्या संगमावर मी नदी सुरय पाहत आलो आहे. पाण्यावर सूर मारणारा तो राखी पांढरा पक्षी, काळी टोपी, पिवळी चोच. त्याचे समुद्री भाऊबंद इथे कुठे दिसतील म्हणून मी दुर्बीण लावून बसलो होतो. तांडेल म्हणाला, ते आत्ता नाहीत, ते पावसात येतात. मला वाटलं तो काहीतरी सांगतोय. परत आल्यावर वाचलं तर अगदी तसंच. मुंबईचे हुमायून अब्दुलअली १९४० च्या सुमारास या खडकांवर येऊन गेले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं. काळ्या पाठीचे, कपाळावर पांढरी पट्टी असलेले सुरय वर्षाचा बराच काळ खोल समुद्रावर उडत काढतात. जमिनीला टेकतात ते अंडी घालण्यापुरते, आणि त्यासाठी पावसाळ्याचे महिने आणि असे उघडे खडक निवडतात. तुऱ्याचे मोठे सुरयही तेव्हाच येतात. अंडं सरळ दगडावर, घरटं म्हणून काही नाही. लक्षद्वीपात पिट्टी नावाचं चिमुकलं निर्मनुष्य बेट अशाच सुरयांसाठी राखलेलं आहे.

मी तांडेलाला विचारलं, पावसात इथे कोणी येतं का? तो नुसता हसला. जूनमध्ये निवतीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तरी तोंडावर पाणी उडतं, होडी लोटायची गोष्टच सोडा, असं त्याचा पुतण्या म्हणाला.

परतताना त्याच पुतण्याने हात करून दाखवलं, "हयसर जहाज बुडवतले." नौदलाची 'गुलदार' ही युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. ती या खडकांजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे पाण्याखालचं पर्यटन सुरू करायची राज्य सरकारची योजना आहे. बुडवलेल्या जहाजावर प्रवाळ धरतात, मासे जमतात. ते काही वाईट नाही. पोरगा खुशीत होता, त्याला पाणबुड्यांना नेण्याचं काम मिळेल असं वाटतं. मला त्याचा आनंद मोडवेना. पण ज्या गुहेसमोर आम्ही इंजिन बंद करून श्वास धरून बसलो होतो तिच्याजवळून दिवसाला पन्नास होड्या जाऊ लागल्या तर तिथे गाणी लावू नका हे सांगणारं कोणीतरी हवं, आणि ते काम त्या पोराकडेच द्यावं, पगार देऊन, असं मला वाटतं.

अकराच्या आत आम्ही निवतीला होतो. बाराला वारा उठला. नाना वाळूवर उतरले, वाकून जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, आता एक वर्ष पुरे.

जाणार असाल तर होळी झाल्यावर आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत जा. तेव्हा समुद्र बरा असतो आणि पाकोळ्या घरट्यांवर असतात. पहाटे निघा, तांडेल नाही म्हणाला तर भांडू नका, आणि खडकावर उतरू नका. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झापांखाली झाकल्या जातात; नाना कपाशी लावत असतात त्या सुमारास सुरय तिथे अंडी घालतात आणि ३१ जुलैपर्यंत निवतीचा एकही माणूस तिकडे फिरकत नाही.